नुकसानीचा रकाना

त्याने पियानोवरून दोन्ही हात उचलले आणि उजवा तळवा शेजारच्या भिंतीला टेकवला. भिंत थरथरत होती. बर्फाच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर सकाळपासून तिसऱ्यांदा सुरू झाला होता आणि आता तासभर तरी थांबणार नव्हता. खुंट्या पिळायचा पाना त्याने जवळजवळ आपटूनच बाकावर ठेवला. अर्धा पियानो लावून झाला होता, अर्धा तसाच उघडा पडला होता.

"चहा टाकू का?" आतल्या खोलीतून बायकोने विचारलं.

"अगं, ओरडतेस काय?"

"मी कुठे ओरडतेय? हल्ली मी याच आवाजात बोलते."

ते खरंच होतं. नऊ वर्षांपूर्वी भिंतीपलीकडे कारखाना आला आणि घरातलं बोलणंच एक पायरी वर गेलं. सुरुवातीला दोघं घुमणं सुरू झालं की गप्प बसत. पुढे पुढे दिवसाचे सात-आठ तास गप्प बसणं काही जमेना.

गावात पियानो लावणारा तो एकटाच. एकतीस पियानो होते, शाळेतले तीन धरून, आणि एकतीसच्या एकतीस त्याच्या हाताखालून जात. लोक त्याला कानवाले म्हणत, आणि ते त्याला मनातून आवडायचं. बाहेरगावचे पियानो लावणारे नादकाटा वाजवून पहिला सूर पक्का करतात आणि मग त्यावरून पुढचे लावतात. काटा म्हणजे पोलादाचा दोन पायांचा चिमटा. ठोकला की एकच सूर देतो, आयुष्यभर तोच. कानवाल्यांचा काटा मात्र पिशवीच्या तळाशी पडून असायचा. त्याचा बारीक आवाज त्या घरघरीत ऐकूच यायचा नाही हे एक, आणि काट्यावाचून सूर लावताना बघून लोकांचे डोळे विस्फारायचे हे दुसरं. यातलं दुसरंच कारण ते सगळ्यांना सांगत.

चहा घेऊन कानवाले तडक कचेरीत गेले. बायकोने सुवाच्य अक्षरात भरून दिलेला कारखान्याच्या आवाजाविरुद्धचा अर्ज कारकुनाने वरपासून खालपर्यंत वाचला आणि एका जागी बोट ठेवलं.

"नुकसानीच्या रकान्यात हे काय लिहिलंय? ‘फार त्रास होतो.’ त्रास म्हणजे नुकसान नव्हे."

"मग नुकसान म्हणजे काय?"

"धूर असला तर लोक काळी पडलेली भिंत दाखवतात. पाणी असलं तर ओल दाखवतात. तुम्ही काय दाखवणार?"

"आवाज कसा दाखवू? माझ्याकडे या आणि ऐका."

"मी ऐकून काय होणार? तुमचं काम बंद पडलंय का?"

"नाही."

"गिऱ्हाईक तुटलं?"

"मला सोडून जाणार कुठे? इथं दुसरं आहे कोण?"

"बरं, एखादं काम बिघडलं? कुणी तक्रार केली?"

"माझं काम?" त्यांचा आवाज चढला. "माझं काम बिघडत नसतं."

कारकुनाने अर्ज अलगद परत सरकवला. "मग तुमचं नुकसान नाही. गुरुवारी सुनावणी आहे. तोवर या रकान्यात भरण्यासारखं काहीतरी बघा. आणि शेजाऱ्यांच्या सह्या मिळाल्या तर आणा."

सह्या! आवाजाला कंटाळलेले लोक त्या गल्लीत काय कमी होते? दातांच्या डॉक्टरचं दात कोरायचं यंत्रही त्या घरघरीत ऐकू येत नव्हतं. शिंप्याच्या दुकानात आरसा भिंतीवर टकटक वाजायचा. दोघांनीही त्यांना बसवून घेतलं, कारखान्याला पोटभर शिव्या घातल्या, आणि सही करायची वेळ आल्यावर डॉक्टरांना पेशंटची आठवण झाली. शिंपी जरा मोकळा माणूस होता.

"कानवाले, मशीन बंद झालं तर मलाही शांतता मिळणार ना?"

"मिळणारच."

"मी सही नाही केली तरी तेवढीच मिळणार?"

"हो, पण..."

"मग मला कशाला बर्फवाल्याच्या नजरेत वाईट करता? त्याच्या कामगारांचे कपडे मी शिवतो. तुम्ही करताय ते फार चांगलं काम आहे. आमचा तुम्हाला पूर्ण पाठिंबा आहे."

तो पाठिंबा घेऊन कानवाले घरी आले, तर दारात बर्फवाला उभा. त्याच्याशी भांडायचं म्हटलं तर तेही नीट जमत नसे, कारण माणूस वाईट नव्हता.

"अहो, इस्पितळाला बर्फ माझा, मासळी बाजाराला बर्फ माझा," तो म्हणाला. "मशीन पलीकडच्या बाजूला न्यायचं तर नवा पाया घालावा लागेल, महिनाभर कारखाना बंद. मासळी काय तुमच्या पियानोत आणून ठेवायची? तुमचं काही बिघडलं असेल तर दाखवा, मी हलवतो. शब्द देतो. नुसतं कानाला बरं वाटत नाही म्हणून सगळ्या गावाचा बर्फ कसा बंद करू?"

कानवाले आत गेले. दार लावताना ते जरा जास्तच जोरात लागलं. या माणसाच्या यंत्राची किंमत आपण का मोजायची, आणि मोजतोय हे सिद्ध करायची उठाठेवही आपणच का करायची, हे त्यांना कितीही डोकं खाजवलं तरी कळत नव्हतं.

मंगळवारी शाळेतून निरोप आला. संगीताच्या बाईंनी तातडीने बोलावलं होतं. दोन महिन्यांपूर्वी गावात एक नवी पियानो लावणारी बाई आली होती, बाहेर शिकलेली, कमी पैशांत काम करणारी; कानवाल्यांनी तिला आजवर गणतीतच धरलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी बाईंना न विचारता तिला बोलावलं, तिने मोठ्या खोलीतला पियानो लावला, आणि आता तो बाकीच्या दोन्ही पियानोंशी जुळत नव्हता.

"मुलं गायला लागली की सूर उतरलेला वाटतो," बाई म्हणाल्या. "सगळंच कसं मेल्यासारखं. तुम्ही एकदा ऐका."

कानवाले ऐकत उभे राहिले. खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटत होतं. कित्येक दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं. बाईंनी एक पट्टी दाबली. सूर उतरलेलाच होता, बहिऱ्यालाही ऐकू येईल इतका.

"कुठे शिकली म्हणे ही?" त्यांनी हसून विचारलं. "थांबा, तुम्हाला दाखवतोच." आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी पिशवीच्या तळातून काटा काढला, फडक्याने पुसला, गुडघ्यावर ठोकला आणि त्याचा दांडा पियानोच्या लाकडावर टेकवला.

शाळेची मोठी खोली मैदानाच्या कडेला होती. तिथे एवढी शांतता होती की काट्याचा सूर शेवटपर्यंत ऐकू आला. बाईंनी पट्टी दाबली. दोन्ही सूर एकमेकांत मिसळून गेले, मधे कुठे फट म्हणून राहिली नाही.

त्यांनी काटा पुन्हा ठोकला. पुन्हा तेच झालं. मग शेजारच्या खोलीत जाऊन, ‘हात धुऊन येतो’ असं सांगून, त्यांनी स्वतः लावलेल्या पियानोशी काटा लावून पाहिला. दोन सुरांमधलं अंतर थरथरताना स्पष्ट ऐकू येत होतं. त्यांचा पियानो चढलेला होता. थोडाथोडका नाही, चांगलाच चढलेला.

हात न धुताच ते परत आले.

"काय, उतरलाय ना?" बाईंनी विचारलं. "शनिवारी तिन्ही पियानो एकत्र वाजायचेत हो. आजच्या आज चढवून द्या."

"देतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी दिला. तासाभरात त्यांनी तो बरोबर लागलेला पियानो खुंटी खुंटी पिळून चुकीचा केला. शेवटी शेवटी एक तार तुटली. गेली काही वर्षं तारा फार तुटत होत्या, आणि तारांचा एकुलता एक व्यापारी हलका माल देतो म्हणून ते त्याच्या नावाने खडे फोडत आले होते. तुटलेली तार गुंडाळून त्यांनी खिशात टाकली. बाई आभार मानत होत्या, तेव्हा कानवाल्यांना त्यांच्याकडे बघवेना.

घरी कॉम्प्रेसर चालू होता. कानवाल्यांनी काटा ठोकला आणि त्याचा दांडा दातांत धरला. तसं केलं की बाहेर कितीही आवाज असला तरी सूर हाडांतून कानात पोचतो. मग एका बोटाने पट्टी दाबली. मग भिंतीला कान लावला. पलीकडच्या घरघरीचा सूर पियानोच्या एका खालच्या पट्टीच्या जवळच होता, किंचित वर. नऊ वर्षं, दिवसाचे सात-आठ तास, तो सूर त्यांच्या कानात मुरत गेला होता. तो कानात घेऊन ते लोकांच्या घरी जात, आणि दरवेळी केसभर चढवून येत.

बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तोंडात काटा धरलेला नवरा तिने पहिल्यांदाच पाहिला असावा.

"काय झालं?"

त्यांनी सांगितलं. ती खुर्चीवर बसली.

"म्हणजे सगळेच्या सगळे?"

"सगळे. एकमेकांशी बरोबर जुळतात, म्हणून कुणाला कळलं नाही. दुसरं कुणी असतं तर पहिल्याच वर्षी माझी चूक निघाली असती."

"मग लिहा की हे," ती उसळून म्हणाली. "तो बर्फवाला सारखं नुकसान दाखवा, नुकसान दाखवा म्हणतो ना? हे घ्या म्हणावं नुकसान!" आणि मग तिच्या लक्षात आलं. "पण हे कळल्यावर आपल्याला बोलावणार कोण?"

त्यांनी अर्ज पुढे ओढला. बायकोकडून लिहून न घेता त्या रकान्यात स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात चार ओळी लिहिल्या. लिहिताना त्यांचे कान तापले होते.

गुरुवारी सुनावणीच्या खोलीत बर्फवाला आधीच येऊन बसला होता, आणि त्याच्या शेजारी संगीताच्या बाई. त्यानेच त्यांना साक्षीला आणलं होतं. अधिकारी वयाने मोठे, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी रकाना मोठ्याने वाचला: "‘सदर यंत्राच्या आवाजाने माझा कान बिघडला असून नऊ वर्षांत मी गावातले सर्व पियानो चुकीचे लावले आहेत.’" त्यांनी चष्मा काढला. "हे तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंय?"

"हो."

"भलतंच काहीतरी!" बाई उभ्याच राहिल्या. "परवाच आमचा पियानो यांनी इतका सुंदर लावून दिला. त्या नव्या बाईने घालवून ठेवला होता."

"तिने बरोबर लावला होता. घालवला मी," कानवाले म्हणाले. "तिलाच बोलवा, ती सांगेल."

"ती गेली की," बाई म्हणाल्या. "सोमवारी खोली सोडली. कुणी बोलावतच नव्हतं तिला."

कानवाल्यांनी खिशातून काटा काढला आणि टेबलाच्या कडेवर ठोकला. बारीक, स्वच्छ सूर खोलीभर पसरला. "हा बघा. खरा सूर हा आहे. माझे सगळे याच्या वर आहेत."

सगळ्यांनी माना कलत्या करून ऐकलं. बर्फवाल्याने तर डोळेसुद्धा मिटले.

"हा किती वर्षांचा आहे हो?" बाईंनी हळुवारपणे विचारलं.

"चाळीसेक वर्षांचा असेल."

"मग तोच उतरला असेल. गंजला असेल. अहो, तुमच्या कानापुढे त्या काट्याचं काय घेऊन बसलात?"

"काटा उतरत नसतो, बाई!"

"त्रासाने माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागतो," बर्फवाला कळकळीने अधिकाऱ्यांना म्हणाला. "पण साहेब, यांच्या कामाला नावं ठेवलेली मी तरी ऐकून घेणार नाही."

कानवाल्यांनी काटा पुन्हा खिशात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा ते आपली चूक कबूल करत होते, आणि ती कुणी घ्यायलाच तयार नव्हतं.

अधिकाऱ्यांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. "तुम्ही लावलेले सगळे पियानो एकमेकांशी जुळतात?"

"जुळतात."

"आणि तक्रार एकाचीही नाही?"

"नाही."

"मग नुकसान कोणाचं झालं, हे मी काय लिहू?" त्यांनी चष्मा चढवला, रकान्यात काहीतरी छोटंसं लिहिलं आणि शिक्का मारला. बर्फवाला आणि बाई नमस्कार करून उठले. कानवाले दारापर्यंत पोचले, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांना मागून हाक मारली.

"जरा थांबा. घरचं एक काम होतं. आम्ही मागच्याच महिन्यात पियानो घेतलाय, नातीसाठी. तोही त्या नव्या बाईकडूनच लावून घेतला होता. तेव्हा चांगला वाटला, पण नात म्हणते, शाळेतल्यासारखा वाजत नाही. रविवारी येऊन बघाल?"

कानवाले दाराची कडी धरून उभे राहिले.

"तिने लावल्यापासून कुणी हात लावलाय त्याला?"

"छे. लावणार कोण? आता तुम्हीच."

"मग कुणाला हात लावू देऊ नका," ते म्हणाले. "मला तर मुळीच नको."

अधिकारी समजूत घालावी तसे हसले.

"रागावलात होय," ते म्हणाले. "असू द्या. राग ओसरला की सवडीने या."