पडद्याची मागची बाजू

"हे आमचे मालक न्हाईत," पडद्यामागून झुंबरबाई म्हणाल्या, आणि पुंजारामांचा चेहरा पडला.

धावडा गावात पुंजारामांच्या परसात दर शनिवारी दिवेलागणीनंतर सिनेमा असे. तीस वर्षं त्यांनी सरकारी प्रचारगाडीवर प्रोजेक्टर चालवला आणि निवृत्त झाल्यावर तेच भंगारात काढलेलं मशीन लिलावातून घरी आणलं. शहाण्णव साल होतं, घरोघरी टीव्ही आला होता, तरी लोक यायचे. मी त्यांचा भाडेकरू, पेशानं मास्तर, त्यामुळे नको तिथं नाक खुपसायची खोड. पडदा म्हणून ताणून बांधलेल्या पातळ धोतराच्या दोन्ही बाजूंना माणसं का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"पुढं गडीमाणसं, मागं बायका. गाडीवर होतो तवापासून असंच हाये," ते म्हणाले. मलाही मग त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

त्या आठवड्यात मशीनबरोबर आलेल्या गंजक्या डब्यात त्यांना एक रीळ सापडलं. बियाण्याला औषध कसं लावावं याचं, एक्क्याऐंशी साली धावड्याच्याच रानात काढलेलं. त्यात अर्धं मिनिट धर्मराज पेरणी करताना दिसत होता. धर्मराज म्हणजे झुंबरबाईंचा नवरा. पुढे दोन वर्षांनी तो तापानं गेला. त्याचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. "डोळे मिटले की फेटा दिसतो, तोंड दिसत न्हाई," असं झुंबरबाई पुंजारामांच्या बायकोला, साळूबाईंना सांगत. पुंजारामांनी चार दिवस खपून ते रीळ पुसलं, तुटलेल्या जागा चिकटवल्या, आणि गावभर सांगत सुटले की शनिवारी वहिनीला मालक दाखवतो.

आणि आता हे.

"न्हाईत कसे? धर्मराजच हाये! जिंदगी गेली माझी मशीनपाशी, मला माणूस वळखू येत न्हाई व्हय?"

"डाव्या हातानं मूठ धरली त्यानं तिफणीच्या चाड्यावर. आमचे मालक बियाला डावा हात लावत नव्हते. दुसऱ्याचा धनी मला दाखवू नका, भाऊजी." बाई जायला उठल्या. मला फार वाईट वाटलं.

"उजव्याच हातानं पेरून राह्यलाय की तो!" पुढून अप्पाराव ओरडले. धर्मराजाचे हे थोरले भाऊ.

तेवढ्यात साळूबाई पडद्याच्या कडेनं पुढे आल्या. "अवो, मागून समदं उलटं दिसतं. तुमचा उजवा तो आमचा डावा. मी एकदा तुम्हाला पाणी द्यायला आल्ते, तवा कळलं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही कधी इचारलं?"

पुंजाराम मशीनवर हात ठेवून उभेच राहिले. किती गावं केली त्यांनी, किती बायांना सिनेमे दाखवले, पण धोतराच्या पलीकडे एकदाही बसून पाहिलं नव्हतं. बिचारे अगदी ओशाळले.

"वहिनी, चुकलं माझं. पुढं या. रीळ लई कडक झालंय, अजून एकदा निघंल, मंग सांगता येत न्हाई."

पण पुढे थोरले दीर बसलेले. झुंबरबाई जागच्या हलेनात. जाईनात आणि येईनातही.

अप्पाराव एरवी पाय हलवायलाही कुरकुरणारा माणूस. त्यांनी आपली घोंगडी उचलून खांद्यावर टाकली. "उठा रे समदे. धर्मा मला तिकडूनबी दिसंल," म्हणाले आणि खाली मान घालून पडद्यामागे गेले. मागोमाग सगळे गडी उठले, मीही उठलो. बायका एकेक करत पुढे येऊन टेकल्या.

मशीन पुन्हा घरघरलं. मी पडद्याच्या कडेला उभा होतो, त्यामुळे मला झुंबरबाई दिसत होत्या. धर्मराज तिफणीमागून चालत होता, उजव्या मुठीतून चाड्याच्या तोंडात बी सोडत होता. शेताच्या टोकाला तास संपलं तसे त्यानं हात धोतराला पुसले, हसला आणि सरळ समोर चालत आला.

झुंबरबाईंनी पदर सारखा केला आणि पोत्यावर जराशा बाजूला सरकून बसल्या, एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.