केशरी बाटल्यांची रांग

बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवर जाणारा जिना सकाळी आठ वाजताच भरला होता. प्रत्येकाच्या हातात दोन बाटल्या. एकीत आधीची लघवी, फिकट पिवळी. दुसरीत आजची, लालसर केशरी. लोक खिडकीच्या उजेडात बाटल्या धरून एकमेकांना अशा दाखवत होते, जणू घरातल्या पोराचा पहिला नंबर आलाय.

"माझा रोग परवापासून निघतोय," एक निवृत्त कारकून म्हणाले.

"तुमचा गडद आहे हो," शेजारची बाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क हेवा होता.

वर सतरंजीवर बसलेल्या माणसाला हे सगळे महाराज म्हणत. मी बाटलीबाबा म्हणतो. वीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लघवी तपासतोय, तेवढा अधिकार मला आहे.

"मी औषध देत नाही," बाबा डोळे मिटून सांगत होते. "मी रोगाला नुसती हाक मारतो. तो लाजतो, केशरी होतो आणि चालता होतो." मग एकेकाच्या तळहातावर साखरेचा लेप दिलेल्या पांढऱ्या गोळ्या पडत. दोन-तीन तासांत लघवी केशरी, संध्याकाळपर्यंत जळजळ बंद. यात खोटं काही नव्हतं. जळजळ खरंच थांबत होती आणि सगळी मेख तिथंच होती.

त्या रांगेत मी हौसेनं उभा नव्हतो. आदल्या दिवशी आमच्या धाकट्या भावाला इस्पितळात दाखल केलं होतं.

धाकटा शिंपी आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा आमच्या ताईनं आपली एक त्याला दिली. दुसऱ्याची किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. म्हणजे जंतूंना रान मोकळं. लघवीचा संसर्ग अशा माणसाच्या मागे हात धुऊन लागतो. गेल्या वर्षात तो तीनदा दाखल झाला, तिन्ही वेळा दहा-दहा दिवस सुया. चौथ्यांदा जळजळ सुरू झाली तेव्हा तो टेकीला आला होता. ताईला त्याचे हाल बघवेनात, म्हणून ती त्याला माडीवर घेऊन गेली. मला सांगितलं नाही. मी घर डोक्यावर घेईन हे तिला ठाऊक होतं.

नऊ दिवस त्यानं त्या गोळ्या घेतल्या. जळजळ नाही, म्हणून डॉक्टरांकडे जाणंही नाही. दहाव्या दिवशी शिवणयंत्रावर बसल्या बसल्या तो कलंडला. मी धावत गेलो, तर ताईनं मोठ्या विश्वासानं बाटली पुढे केली. "बघ ना, केवढी घाण निघालीये. अशक्तपणा येणारच."

रंग बघताच मी विचारलं, "त्याला माडीवरच्या गोळ्या दिल्यास ना?" त्याला दाखल केलं आणि उरलेल्या दोन गोळ्या खिशात टाकल्या.

माझा नंबर आला तेव्हा मी पिशवीतून बाटली काढली. "महाराज, काल मी माझी लघवी तपासली, निर्मळ होती. मग तुमची एक गोळी घेतली. मला कसलाही आजार नाही. तरी बघा, केशरी."

बाबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "बाळा, तुझ्यात तो दडून बसला होता. आम्ही ओढून काढला."

माडीवर कौतुकाची कुजबुज झाली. माझा पुरावा म्हणजे त्यांचा आणखी एक चमत्कार झाला होता.

मी दुसरी गोळी काढून पेनच्या टोकानं वरची साखर खरवडली. आत विटकरी भुकटी. कोपऱ्यातल्या नळाखाली पेला भरला, भुकटी त्यात टाकून ढवळली. पाणी केशरी झालं.

"आता या नळाला कुठला रोग होता?" मी विचारलं. लोक पेल्याभोवती जमले, तसा मला जोर चढला. "हा औषधाचा रंग आहे. जळजळ असह्य झाली तर डॉक्टर हे एक-दोन दिवस देतात, तेही जंतू मारणाऱ्या औषधाच्या जोडीला. यानं लघवीची वाट बधिर होते, जंतू मरत नाहीत. दाताला भूल दिली म्हणून कीड जाते का?"

कारकून पेल्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, जमलं.

"पण आपल्याकडचं नळाचं पाणी खराबच आहे हो," ते म्हणाले. रांग पुढे सरकली.

इस्पितळात डॉक्टरांनी ताईला आणि मला समोर बसवलं. "बसवलेल्या किडनीचे दुखणं कळवणारे तंतू तुटलेले असतात," त्या म्हणाल्या. "ती सुजली तरी सहसा दुखत नाही. त्याच्या गोळ्यांमुळे तापही फारसा चढला नाही. जळजळ ही एकच खूण होती, तीच तुम्ही बंद केलीत. जंतू वर किडनीत गेले, तिथून रक्तात. जीव वाचेल. किडनी वाचायची नाही."

"माझी दुसरी चालेल?" ताईनं विचारलं.

"तुम्हालाही जगायचंय," डॉक्टर म्हणाल्या आणि कागदांकडे वळल्या. आता आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसवर झोपावं लागणार होतं.

बाहेर बाकावर ताई माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "तू रंग बघताक्षणी ओळखलंस. आधी कुठे पाहिला होतास?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण बोललो नाही.

"महिनाभर येतायत आमच्याकडे तसल्या बाटल्या. माडीवरच्याच लोकांच्या."

"मग?"

"आम्ही हसायचो. चहाच्या वेळी मी बाबांची नक्कल करायचो."

"घरी एकदा तरी बोलायचं होतंस रे."

मी तक्रार दिली आहे. चौकशी चालू आहे, एवढंच उत्तर मिळतं. माडीवरचा जिना अजूनही भरलेला असतो.

हे वाचून तो रिकामा होईल असं मला वाटत नाही. तरी सांगतो. जळजळ थांबणं आणि रोग जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लघवीत जंतू आहेत की नाहीत ते तपासणीत कळतं, बाटली उजेडात धरून नाही. किडनी बदललेल्या माणसानं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि ज्यांना असली लबाडी कळते, त्यांनी माझ्यासारखं शहाणपण मिरवत बसू नये, आधी आपल्या घरात बोलावं. मला सगळं कळत होतं, मी महिनाभर हसलो, आणि ताईनं दिलेली किडनी वाया गेली.