शिक्र्याचा डोळा

"टेबलाला टेकू नकोस गं! भूकंप आणतेस की काय?"

सून टेबलापासून चांगली हातभर लांब उभी होती. हलत होता तो म्हातारीचाच हात. ब्रशचं टोक चित्रातल्या शिक्र्याच्या डोळ्यावर आलं की थरथरायचं, आणि ती ते झटक्यात मागे घ्यायची.

शिकारी पक्ष्यांची जुन्या धाटणीची चित्रं काढावीत तर म्हातारीनेच. पिसं, नख्या, चोच, सगळं उतरलं होतं. राहिला होता फक्त डोळा. त्यातली चमक ती रंगाने काढत नसे. कागदाचा मोहरीपेक्षा बारीक ठिपका तसाच कोरा सोडायचा आणि भोवतीने रंग फिरवायचा. रंग ठिपक्यात उतरला की पक्षी मेला. मग वरून कितीही पांढरं थापा, जिवंत होत नाही.

बाहेरच्या खोलीत प्रकाशक खाकरला. चित्र घेऊन तो थेट छापखान्यात जाणार होता. म्हातारीचा हात गेल्याची कुणकुण त्याला लागली होती. हे बिघडलं तर पुस्तकातले उरलेले गरुड-ससाणे दुसऱ्याकडे द्यावे लागतील, हे त्याने गोड बोलून सांगितलंच होतं.

"आई, मी करू?"

"तू फांद्या रंगव. तुझ्या फांदीवर माझा पक्षी बसतो, हेच उपकार समज!"

म्हातारीने डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. टोक खाली आलं, आणि आता दोन्ही हात मिळून थरथरले. नारिंगी थेंब सुटला. सुनेने तळहात आडवा घातला म्हणून तो चित्रावर पडला नाही.

दोघी सुनेच्या तळहाताकडे बघत राहिल्या.

"इथे बस," म्हातारी खुर्चीवरून उठत म्हणाली. "श्वास सोडताना फिरव, घेताना नाही. चुकलीस तर तंगडं तोडीन."

सुनेने एका दमात रंग फिरवला. ठिपका कोरा राहिला. शिक्रा डोळा वटारून बघायला लागला, जरा जास्तच रागाने. म्हातारीच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, ते तिने गिळलं.

प्रकाशक आत आला, वाकून बघत राहिला. "वा! लोक उगाच काहीबाही बोलतात. हात अजून तसाच आहे की तुमचा, बाई!"

सुनेने मान खाली घातली.

"माझा डोळा असा खुनशी नसतो," म्हातारी फटकन म्हणाली. "हिने काढलाय. उरलेलेही हीच काढेल, मी शिव्या द्यायला बसेन. आणि बोट लावू नका, ओलं आहे."

खुर्ची एकच होती. म्हातारी सुनेच्या पाठीमागे ताठ उभी राहिली, दोन्ही हात मागे एकमेकांत घट्ट धरून.