धुतलेली ताडपत्री

"औषध मी देतो," डॉक्टर गुरुमूर्ती म्हणाले, "सुई टोचायला तुम्ही शिकलात. पण बंद खोलीत तुमचे यजमान खोकले आणि त्याच खोलीत बाळ असलं, तर माझं औषध घेऊन काय करायचं? सॅनेटोरियममध्ये खाट मिळेपर्यंत त्यांना उघड्यावर ठेवा. उघड्यावर, पण कोरडं."

उघड्यावर, पण कोरडं. कार्तिक तोंडावर आलेला, आणि कुंभकोणात कार्तिक म्हणजे समुद्राकडून येणारा पाऊस. वेदवतीने मान हलवली आणि मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

नवऱ्याच्या, वरदराजच्या, थुंकीत रक्त दिसल्याची बातमी अग्रहारात, ब्राह्मणांच्या त्या आळीत, पसरली, तसं घरमालकाने घर सोडायला सांगितलं होतं. उरली होती ती गाडी. लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेली ती रुग्णवाहिका वरदराजने घेतली आणि तिचा फिरता स्टुडिओ केला. आडुतुरैपासून मायवरमपर्यंत गावोगाव जायचं, गाडीच्या बाजूला पांढऱ्या मांजरपाटाचं छत ताणायचं आणि त्या मऊ उजेडात बसवून लोकांचे फोटो काढायचे. आतल्या अंधाऱ्या कप्प्यात वेदवती फोटोच्या काचा धूत असे. ती रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. लग्न ठरताना तिच्या शिक्षणाची अडचण न वाटलेला हा एकच मुलगा निघाला होता.

आता गाडी अरसलार नदीच्या काठी एका नारळीच्या बागेत उभी होती. बागेचे मालक राजगोपाल नायडू भले होते, पण बांधाच्या अलीकडे येत नसत. काय असेल ते बांधावरून ओरडून सांगत.

हिशेब साधा होता. गाडीच्या आतली हवा मुलीची. बाहेरची त्याची. मधे दार, आणि ते नेहमी लावलेलं. सगळं अवलंबून होतं ते बाहेरच्या छतावर.

मांजरपाट उपयोगाचा नव्हता. तो फक्त ऊन गाळायचा. मोटारींचे टप शिवणाऱ्या मणीच्या दुकानात वेदवतीने तीन कापडं पुढ्यात मागवली. प्रत्येकाला खोलगट धरून त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली वाकून बघत राहिली. तागाच्या कापडातून लगेच धार लागली. दुसऱ्यातून पाणी झिरपलं नाही, पण तिने खालून बोट लावलं तशी तिथे थेंबाची सुरुवात झाली. तिसरं खाकी, जाड, मेणचट. बोट लावूनही कोरडं राहिलं.

"अम्मा, हे छत नव्हे," मणी म्हणाला, "हत्तीला थंडी वाजली तर पांघरायची गोधडी आहे. तुमची गाडी एका बाजूला कलेल."

"खांब बाहेरच्या बाजूला चार द्या. आणि एक कोपरा हातभर खाली येऊ दे, पाणी तिथून वाहून गेलं पाहिजे. मधे साचता कामा नये."

"देवळाचा मंडप बांधायला दिला असतात तरी इतकं विचारलं नसतंत."

"देवळाला खोकला नाही," वेदवती म्हणाली. मणी हसायचा थांबला आणि मापाची दोरी शोधू लागला.

छत उभं राहिलं. गाडीच्या टपाला कड्यांनी अडकवलेलं, बाहेर उतरतं, पूर्वेला जमिनीपर्यंत कनात, बाकी दोन्ही बाजूंनी वारा मोकळा. दोऱ्या सुती होत्या. भिजल्या की आखडतात आणि खांब उपटतात, म्हणून पावसाचं चिन्ह दिसलं की वेदवती त्या सैल करी. पहिल्या दोन सरी वरदराजने खाटेवर पडून बघितल्या. पाणी खालच्या कोपऱ्यातून दोरीसारखं पडत होतं, आणि त्याच्या चादरीवर एक थेंब नव्हता.

"ह्या उजेडात फोटो येणार नाही," तो म्हणाला. "सगळे खाकी दिसतील. पोलिसांसारखे."

"बोलू नका. खोकला येतो."

"बघ, आत्ताच पोलिसासारखी बोलायला लागलीस."

सासूबाई नागलक्ष्मी छताच्या दुसऱ्या टोकाला चूल मांडून बसत. वेदवती त्यांना आत्याबाई म्हणे. त्यांचं सोवळं कडक होतं. अग्रहार सुटला तरी ओलेत्याने स्वयंपाक, शाळिग्रामाला नैवेद्य आणि मगच मुलाला जेवण हे सुटलं नव्हतं. दुपारी ऊन तापलं की नव्या कापडाला वास सुटे. त्या नाक उचलून वर बघत.

"ह्यांत काय लावलें आहे गे?"

"मेण," वेदवती म्हणाली होती. ते खोटं नव्हतं. अर्धं होतं.

उरलेलं अर्धं मणीने सांगितलं. एक कडी निसटली ती बसवायला तो आला, तेव्हा आत्याबाईंनी त्याला तमिळमध्ये सरळ विचारलं, आणि त्यानेही आजीला सांगावं तसं सरळ उत्तर दिलं, "मेण आहे पाट्टी, आणि बैलाची चरबी. नुसतं मेण थंडीत तडकतं."

त्या दिवसापासून आत्याबाईंनी छताखाली चूल पेटवली नाही. नारळीखाली पेटवून बघितली, ती पावसाने विझवली. त्या केळ्यावर आणि दुधावर राहू लागल्या. वरदराजचा भात वेदवती शिजवी, नैवेद्याविना. त्याचा ताप संध्याकाळी चढे, आणि आत्याबाई जपमाळ हातात धरून त्याच्या ताटाकडे बघत बसत. एकदा त्या म्हणाल्या, "देवास न दाखवलेलें अन्न अंगीं लागेल कसें?" वेदवतीने वरदराजच्या ताटात भात वाढला. तिला वाटलं, हा वाद नंतर कधी तरी.

त्या सकाळी ती इंजेक्शनच्या बाटल्या आणायला गावात गेली होती. दुपारी परतताना बांधावरून राजगोपाल नायडू ओरडले, "अम्मा, नागपट्टणच्या बंदरात वादळाचा बावटा चढवलाय! आज सगळं बांधून ठेवा!"

तिने बागेत पाऊल टाकलं आणि थबकली. छत हलत होतं. मंद वाऱ्यावर, धोतरासारखं. खाकी रंग उतरून फिका पिवळा झाला होता. त्याच्याखाली चूल पेटलेली, भाताला उकळी आलेली, आणि आत्याबाई ओलं लुगडं नेसून, कित्येक दिवसांत पहिल्यांदा प्रसन्न मुद्रेने बसल्या होत्या. त्यांचं एक कोपर सोललेलं होतं.

"दोन बायका बोलावल्या नदीवरच्या," त्या म्हणाल्या. "छत उतरवून राखेच्या कढत पाण्यात भिजविलें, मग रिठ्यानें चोळलें, दगडावर आपटलें, पिळून पुन्हा वर ताणलें. काय तेल निघालें गे! नदीवर तवंग आला. आतां बघ, नाक लावून बघ. कसला वास नाही."

वेदवतीने तांब्या घेतला, खाटेवर उभी राहिली आणि छताच्या काठावरून हात बाहेर काढून कापडाच्या खळग्यात पाणी ओतलं. ते क्षणभरही थांबलं नाही. तिच्या तोंडावर, मानेवर, खाली चादरीवर पडलं.

आत्याबाईंच्या हातातला पळा तसाच राहिला.

"ते तेल होतं म्हणून पाणी अडत होतं, आत्याबाई," ती म्हणाली. आवाज चढवायचं तिच्या अंगात नव्हतं. "आता ही चाळण आहे."

"तू मज सांगितलें नाहींस."

"नाही. सांगितलं नाही."

"मेण म्हणालीस."

"हो."

खाटेवर उठून बसलेला वरदराज म्हणाला, "अम्मा, भात उतर. करपतो आहे." मग त्याला खोकला आला आणि त्याने थुंकायचं झाकणाचं भांडं जवळ ओढलं.

मणीकडे दुसरं कापड असेल? असलं तरी शिवून मिळणार नव्हतं. आणि पूर्वेकडचं आभाळ शिशासारखं झालं होतं. वेदवती गाडीत गेली. मुलगी कप्प्यात झोपली होती. तिच्या वरच्या फळीवर तुरटीची बरणी होती. उन्हाळ्यात काचेवरचा थर वितळू नये म्हणून तो तुरटीच्या पाण्यात घट्ट करावा लागे. साबण आणि तुरटी. साबणाचं पाणी धाग्यात मुरवायचं, वरून तुरटीचं पाणी द्यायचं. दोन्ही मिळून धाग्यावर जो साका बसतो त्याला पाणी धरत नाही. कॉलेजात हे परीक्षानळीत केलं होतं. कापड मात्र दोन्ही वेळा वाळावं लागतं.

"साबण किसा," ती आत्याबाईंना म्हणाली. "सगळा. तुमचा भाताचा हंडा लागेल."

"नैवेद्याचा हंडा?"

वेदवतीने तुरटी कुटायला घेतली. आत्याबाईंनी भात केळीच्या पानावर उपडा केला आणि हंडा पुढे सरकवला.

खाटेवरचा तेवढाच भाग त्यांनी केला. सगळ्याला तुरटी पुरली नसती. वाळायला ऊन नव्हतं, म्हणून आत्याबाई शेगडीत निखारे घालून ती दोन्ही हातांनी कापडाखाली धरून उभ्या राहिल्या. हात भरून आले तरी शेगडी खाली ठेवीनात. वरदराज कण्हत उठला आणि "मी धरतो" म्हणाला, तर दोघींनी एकदमच त्याला खाली बसवलं. कापड दमटच होतं तेव्हा पहिली सर आली.

थेंब कापडावर पडले आणि मोत्यासारखे घरंगळले. वेदवतीने कापडाखाली तळहात धरला. आत्याबाई वर बघत पुटपुटत होत्या. "थांबलें," त्या म्हणाल्या. "वेदे, थांबलें गे."

मग वारा आला. कापड फुगलं आणि खांबावर आपटलं. जिथे आपटलं तिथून एक थेंब सुटला, मग त्याच्या शेजारून. शिवणीच्या ओळीतून पाणी उतरायला लागलं. पलीकडच्या न केलेल्या भागातून तर सरळ पाऊसच पडत होता. कनात फडफडून वर गेली आणि पूर्वेचं पाणी आडवं आत आलं. खाटेची चादर भिजली, उशी भिजली. वरदराज पाय पोटाशी घेऊन बसला. त्याचे दात वाजत होते. वेदवतीने त्याच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला.

"आत चला."

"वेडी आहेस का? ती आत आहे."

"ती बाहेर येईल."

"ह्या पावसात? तान्हं मूल?"

"भिजलेलं मूल पुसता येतं," वेदवती म्हणाली. "तुमची हवा तिच्या छातीतून मला पुसून काढता येणार नाही. आणि तुम्ही भिजून राहिलात तर उद्या—" तिने वाक्य सोडून दिलं. "चला."

तो खाटेचा दांडा धरून बसला. तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली. मुलीला मेणकापडात गुंडाळून तिने बाहेर आणली, आत्याबाईंच्या हातात दिली, आणि त्याला काखेत धरून पायरी चढवली. आतून त्याने स्वतःच कडी लावली. थोड्या वेळाने खोकल्याचा आवाज आला. पत्र्याच्या आत तो मोठा वाटत होता. पुन्हा पुन्हा. वेदवती दाराला पाठ लावून बसली आणि तिला कळलं की आता आतली हवा त्याची झाली. बाळाची जागा संपली.

दोघी गाडीच्या चाकाशी अंग चोरून बसल्या, मधे मूल. आत्याबाईंनी आपलं सोवळ्याचं लुगडं अर्धं सोडून मुलीवर धरलं होतं. ती रडून रडून निळसर झाली होती. वेदवती तिचे तळवे चोळत होती. एक खांब मोडला. कापड त्यांच्या डोक्यावर आलं, थंड आणि जड, आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं.

दिवेलागणीच्या आधी वारा पडला. पाऊस चालूच होता, पण सरळ. आत्याबाई उठल्या.

"मज दे तिला. पंकजाकडे नेतें."

पंकजा म्हणजे वरदराजची बहीण, तिरुविसनल्लूरला दिलेली. तिच्या अंगावर पिणारं चार महिन्यांचं मूल होतं.

"तिच्या सासऱ्यांनी येऊ नका म्हणून निरोप धाडलाय."

"निरोप माझ्या लेकासाठीं होता. मूल उंबऱ्यावर ठेवतें आणि अंगणांत बसतें. कोण उचलून बाहेर टाकतो बघूं." त्यांनी गाडीच्या दाराकडे पाहिलं. "तू जा म्हणालें असतें. पण सुई मज येत नाहीं. तू राहा."

"नाही घेतलं त्यांनी तर?"

आत्याबाईंनी सुटलेलं लुगडं खोचलं. बांधावर राजगोपाल नायडूंचा घोड्याचा जटका उभा होता. त्यांनी तो ओरडून देऊ केला होता, आणि स्वतः दूर सरकून उभे होते. वेदवतीने मुलीला एकदा छातीशी धरलं, पाजायला बघितलं. ती इतकी दमली होती की तोंड लावेना. मग दिली.

घोड्याच्या टापांचा आवाज चिखलात लगेच विरला. वेदवतीने हात फिनाइलने धुतले, सुई उकळायला ठेवली. ओल्या निखाऱ्यांवर पाण्याला उकळी यायला फार वेळ लागला. ती वाट बघत उभी असताना मुलीच्या दुधाची वेळ झाली आणि तिची चोळी दोन्ही बाजूंनी भिजली. वर कापडातून पाणी गळत होतं, त्यामुळे कुणाला दिसलं नसतं.

आतून वरदराजने विचारलं, "ती गप्प झाली का गं? झोपली?"

"हो," वेदवती म्हणाली आणि चिमट्याने सुई उचलली. "कडी काढा. आणि खिडकी उघडा, सगळी."