पाण्यात उतरायचे कपडे

कडेगावच्या यादवांच्या घरातली माणसं कुठंही फिरायला गेली आणि तिथं पाणी असलं, की संयोगिता काठावर बसायची. तिनं बसावं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पण गाडी थांबली रे थांबली की तिचा नवरा लालासाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडत पळायचा, पोरगा यशराज त्याच्याही पुढं, आणि सगळ्यांच्या चपला, मोबाईल, पाकिटं, घड्याळं, गाडीची किल्ली तिच्या मांडीवर येऊन पडायची. फोटो काढायलाही तीच. साडी भिजेल, हे त्यामागचं कारण. हीच साडी दुसऱ्या दिवशी बादलीत भिजवून दगडावर आपटायची असते, ही गोष्ट इतक्या वर्षांत एकाही पुरुषाच्या ध्यानात आली नाही. पुरुषांना अशा गोष्टी ध्यानात यायला वेळ लागतो.

बरं, हिला पाण्याची भीती होती म्हणावं, तर तसंही नाही. माहेरच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून ती पोहायला शिकली होती आणि पुढं तर काठावरून असा मुटका मारायची की खालची पोरं पाणी सोडून पळायची. लग्न झालं आणि ते सगळं माहेरीच राहिलं.

यंदा वैशाखात घरात सून आली. पूजा कराडची, कॉलेजात खो-खो खेळलेली, बसल्या जागी स्वस्थ न बसणारी. दिवाळी झाली आणि तिनं कोयनेच्या काठावरच्या एका कॅम्पवर सगळ्यांचं बुकिंग करून टाकलं. रिव्हर ट्यूबिंग. म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या ट्यूबमध्ये बसायचं आणि नदी नेईल तिकडं जायचं.

"आपल्या गोठ्यात ट्रॅक्टरची पडलीया की," लालासाहेब म्हणाला. तो फौजेतून हवालदार म्हणून परत आला होता आणि दुसऱ्यानं आखलेल्या कुठल्याही मोहिमेत त्याला आधी खोटच दिसायची.

पूजानं कॅम्पवाल्यांचा मेसेज मोठ्यानं वाचला. साडी, ओढणी, जीन्स चालणार नाही. अंगासरशी बसणारे, लवकर वाळणारे कपडे घाला. पायात मागून पट्टा असलेलं काहीतरी हवं, साधी स्लीपर नदी घेऊन जाते.

"साडी चालत न्हाई," लालासाहेब म्हणाला, "म्हंजे संयोगिता काठाला. सामान बघाय कुनीतरी लागतंयच."

त्याच्या बोलण्यात काडीचाही वाईटपणा नव्हता, आणि तेच तिला झोंबलं.

"मी पान्यात येनार हाय," ती म्हणाली.

सोप्यात शेंगा फोडत बसलेल्या सासूबाईंनी, राहीबाईंनी, मान वर केली. या राहीबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी संयोगिताचा गाऊन दाराबाहेर दिसू दिला नव्हता. "ह्यो झगा घालून वड्यावर जानार हायस का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं आणि तो गाऊन पुढं पायपुसणं झाला. आत्ता मात्र त्यांनी नुसती एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. संयोगिताला वाटलं, यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कपडे घ्यायला संयोगिता आणि पूजा कराडला गेल्या. कडेगावात घेतले असते तर पिशवी घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती.

दुकानातल्या पोरीनं आधी लेगिंग काढली. संयोगितानं ती दोन बोटांत धरली, ताणली, सोडली. ती रबरासारखी परत आली.

"ही आक्खी चड्डीच हाय की गं."

मग जाडसर निळी ट्रॅक पँट निघाली. वर घालायला घरात खताच्या कंपनीनं फुकट दिलेला लालासाहेबाचा टीशर्ट आहे, असं संयोगितानं सुचवलं. पूजानं हात जोडले. "आई, तो सुती आहे. पाणी पिऊन पोत्यासारखा जड होईल. आणि पाठीवर युरियाची जाहिरात आहे." शेवटी उन्हानं हात भाजू नयेत म्हणून पूर्ण बाह्यांचा, हातात धरला तर वजनच लागू नये असा एक टीशर्ट ठरला, आणि संयोगिता कपडे घालून बघायच्या खोलीत शिरली.

बराच वेळ आतून काही आवाज आला नाही. पूजा घाबरली. मग धप धप असा आवाज यायला लागला. दुकानातली पोरगीही बघायला लागली.

"आई? काय करताय?"

"पाय उचलून बघतीया." मग थोडं थांबून, आतूनच, हसू दाबत: "पूजा, पाय येगळं येगळं चालत्यात गं!"

ती आत आरशासमोर गुडघे छातीपर्यंत उचलत होती. एवढी वर्षं दोन पायांच्या मधे कापड होतं, निऱ्या होत्या, त्या सावरणं होतं. आता मधे काहीच नव्हतं. एक पाय इकडं, एक तिकडं, जो तो आपल्या मनाचा. तिला इतकं हसू आलं की ती खाली बसली, आणि बसताना निऱ्या आवराव्या लागल्या नाहीत म्हणून आणखी हसू आलं.

चपलांनी मात्र घाम काढला. संयोगिताचे पाय जन्मभर मोकळे वाढलेले, बोटं पंख्यासारखी पसरलेली. बायकांसाठी केलेल्या सँडलमध्ये यातली तीन बोटं मावायची आणि दोन बाहेर लोंबायची. नाजूक पट्टे, वर फूल, टाचेला काडी. हे घालून नदीत जायचं का लग्नात? पूजा तिला पुरुषांच्या बाजूला घेऊन गेली. तिथं एक पोपटी सँडल होती, रुंद, जाड तळाची, पुढं-मागं चिकटपट्टी. पाय आत गेला आणि सगळी बोटं गुण्यागोविंदानं बसली. चिकटपट्टी उघडली की चर्र वाजायची. परतीच्या एसटीत तिनं ती इतक्या वेळा उघडली-लावली की पुढच्या सीटवरचे आजोबा म्हणाले, "बाई, फाटंल ती."

सरावही करायला हवा होता. दुपारी राहीबाई झोपल्या की संयोगिता पिशवी घेऊन मळ्यात जायची, उसाच्या आड कपडे बदलायची आणि बांधावरून धावायची. शेजारच्या रानातल्या बनुबाईंनी एकदा तिला सुसाट जाताना पाहिलं.

"आगं संयोगिता! बिबट्या लागलाय का मागं?"

"न्हाई वं, कापडं बघतीया!"

बनुबाई खुरपं हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या.

जायच्या दिवशी सकाळी मात्र घात झाला. सगळे गाडीत बसतात न बसतात तोच राहीबाई पिशवी घेऊन आल्या आणि मधल्या सीटवर सरकून बसल्या. "मी बी येते. बसते काठाला." आता आली का पंचाईत! सासूच्या नजरेसमोर पिशवीतून कपडे निघायला नकोत म्हणून संयोगिता परत घरात पळाली, नवे कपडे घालून वरून साडी नेसली आणि बाह्या झाकायला पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. कोयनेच्या घाटात प्रत्येक वळणाला तिला घाम फुटत होता. लालासाहेबानं दोनदा विचारलं, गाडी लागते का म्हणून. राहीबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

कॅम्पवर महेंद्र नावाचा तरणा गडी होता. त्यानं सगळ्यांना जॅकेट आणि हेल्मेट वाटली. लालासाहेब फौजी हाफ पँटमध्ये छाती काढून तयार. राहीबाई नेमक्या काठावरच्या मोठ्या दगडावर, सगळ्यांच्या समोर जाऊन बसल्या. त्यांच्या पुढ्यात चपला, मोबाईल, पिशव्यांचा ढीग पडायला लागला.

आता साडी सोडायची ती या बाईच्या डोळ्यांदेखत. नाहीतर हिच्याशेजारी बसायचं, आजही आणि पुढंही. संयोगितानं पदराची पिन काढली. निऱ्या काढल्या. साडी गोल फिरून पायाशी पडली आणि निळी पँट, पोपटी सँडल घालून ती सासूसमोर उभी राहिली.

राहीबाईंनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं. सँडलवर नजर थांबली.

"संयू."

"काय, आत्या?"

"पट्टा नीट लाव. सुटंल."

आणि साडी घ्यायला हात पुढं केला.

त्यानंतरचं संयोगिताला नीट सांगता येत नाही. पाणी बर्फासारखं होतं. ट्यूब हलली, फिरली, आणि नदीनं तिला उचललं. पहिल्या उताराला तिच्या तोंडून किंकाळी निघाली, विहिरीत मुटका मारताना निघायची तीच. मागं लालासाहेब गरगर फिरत "डावीकडं! डावीकडं!" असं ओरडत होता, पण कोयना काही त्याच्या पलटणीत नव्हती. पूजा हसत होती. संयोगिता दोन्ही पाय हवेत करून हसत होती, नाकातोंडात पाणी जात होतं तरी हसत होती.

मग वळणावर तिची ट्यूब उलटी फिरली आणि तिला काठ दिसला.

काठावर बायका बसल्या होत्या. वेगवेगळ्या घरच्या, वेगवेगळ्या गावच्या, साड्यांमधल्या. सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या. हा देखावा तिनं कधीच पाहिला नव्हता, कारण ती कायम त्यातच असायची. शेवटच्या दगडावर राहीबाई होत्या. संयोगितानं हात हलवला. राहीबाई तिच्याकडंच बघत होत्या, पण त्यांनी हात वर केला नाही. दोन्ही हात सामानावर होते.

संयोगिताला वाईट वाटलं, सरळ वाईट वाटलं.

फेरी संपल्यावर जीपनं त्यांना परत वर आणून सोडलं. जीप पुरती थांबायच्या आत ती उतरली आणि ओल्या सँडलनं चपचप करत राहीबाईंसमोर गेली.

"आत्या, उटा."

"कुटं?"

"पान्यात."

"येडी झालीस का काय!" असं म्हणून राहीबाईंनी तोंड फिरवलं. नदीकडं बघितलं. मग संयोगिताच्या पँटचं कापड चिमटीत धरून पाहिलं. "आनि घालू काय? ही तर वली हाय."

संयोगिता नवऱ्याकडं वळली. "आवं, तुमची परत जाताना घालायची ट्रॅक पँट कुटं हाय?"

"बॅगेत," लालासाहेब म्हणाला. "का?"

संयोगिता बॅग उचलून राहीबाईंसह तंबूकडं निघालीही.

तंबूत राहीबाईंना पँट घालताना दोघींचा जीव गेला. नाडी चारदा आवळली. पायाला हात लावला की राहीबाईंना गुदगुल्या व्हायच्या, हे त्या घरात आजपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. "लाला ल्हान हुता तवा मी त्येला चड्डी घालायची," त्या दम लागून म्हणाल्या, "आता त्येची मी घालती." दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसल्या. यशराजचे बूट दोन मोजे घालून त्यांच्या पायात बसले. त्या चार पावलं चालल्या, थांबल्या, एक पाय उचलून पाहिला, मग दुसरा.

"व्हय गं," त्या म्हणाल्या. "मोकळं वाटतंय."

बाहेर लालासाहेब ओली हाफ पँट काढून टॉवेल गुंडाळून त्या दगडावर बसला होता, मांडीवर सामान. शेजारी यशराज, अनवाणी. शेजारच्या दगडावरच्या बायका त्यांच्याकडं बघून पदरात हसत होत्या.

"आजी, पोहता येतंय का?" महेंद्रनं राहीबाईंच्या जॅकेटचे पट्टे आवळत विचारलं.

"न्हाई."

"भ्या वाटतंय?"

"लय," राहीबाई म्हणाल्या आणि ट्यूबमध्ये बसल्या.

महेंद्र होडी घेऊन पुढं राहिला, पूजा मागं. संयोगितानं स्वतःची ट्यूब जवळ आणून राहीबाईंच्या ट्यूबची दोरी घट्ट धरली. सुरुवातीला राहीबाईंचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. पहिल्या उतारावर पाणी फाडकन तोंडावर आलं. त्यांनी डोळे उघडले. तोंडावरून हात फिरवला. इकडं तिकडं पाहिलं, डोंगराकडं, आभाळाकडं, मग ट्यूबवरच्या संयोगिताच्या हाताकडं.

"संयू, हात काढ."

"आत्या, पुडं वढ हाय पान्याला."

"म्हनून तर म्हनते. सोड."

संयोगितानं दोरी सोडली. राहीबाईंची ट्यूब एकदा गर्रकन फिरली आणि सगळ्यांच्या पुढं निघाली.