मनगटाची आतली बाजू

"हाताला तेल कुनी लावलं हुतं?"

यशया मिस्त्रींनी पेट्रोलची टाकी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. काल तिच्यावर बसवलेलं लाल-सोनेरी नाव कडेनं सुटून वर आलं होतं. तशा आणखी तीन टाक्या रांगेत होत्या. मोटारसायकलच्या टाक्यांवर कंपनीचं नाव बसवायच्या त्या लांबट शेडमध्ये पाच बाया कामाला होत्या. मुक्ताबाईनं हात पदराखाली घेतले. पण खोटं बोलणं तिला जन्मात कधी धड जमलं नव्हतं.

"मी लावलं मिस्त्री," ती म्हणाली. "बोटं मऊ पडत्याल म्हनून."

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. मिरजगावाकडून नगरला येऊन तिला आठवडा झाला होता. त्याआधीचं वर्ष दुष्काळी कामावर खडी फोडण्यात गेलेलं, आणि त्या वर्षानं तिच्या बोटांची पार कानस करून टाकली होती. इथलं काम तर नाजूक. जाड कागदावर छापून आलेलं नाव पाण्यात भिजवायचं, कागद सुटू लागला की वरचा पापुद्रा अलगद टाकीवर सरकवायचा आणि बोटांनी दाबत त्याच्या खालचं पाणी काढायचं. पापुद्रा कांद्याच्या सालीहून पातळ. फडक्यानं दाबावं तर जागचा हलायचा. बाकीच्या बायांची बोटं त्यावरून सुळकन फिरत. मुक्ताबाईची अडकत आणि नाव टरकन फाटे. म्हणून तिनं तेल चोळलं, तर त्या तेलानं नाव धरेचना.

आणि आज आठवा दिवस. साहेबांनी आठ दिवस बघू म्हटलं होतं. नवरा कानिफनाथ बैलं घेऊन गुरांच्या छावणीत होता, तो संध्याकाळी यष्टीनं येणार होता. ठेवून घेतलं तर बरंच, नाहीतर त्याच्याबरोबर परत खडीवर. खरं सांगायचं तर तिचा ह्या जागेत जीव रमला होता. डोक्यावर सावली होती, ओल्या रंगाचा वास होता, नळ होता. नुसता कागद भिजवायला परातभर पाणी, ह्याचं पहिल्या दिवशी तिला पाप वाटलं होतं.

मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी त्या टाक्या धुवायला पाठवल्या, एक नवी तिच्यापुढं ठेवली आणि आज नीट बसलं तरच आपल्याला साहेबांपुढं तोंड उघडता येईल, असं हळूच सांगून ते गेले.

मुक्ताबाई टाकीकडं बघत बसली. आपल्या अंगाला दगड लागला नाही अशी जागा तरी कुठली उरलीय, असा विचार करता करता तिला गावाकडं आजीपाशी ठेवलेल्या लेकराचं दूध आठवलं. ते कोमट झालं का, हे आपण मनगटावर थेंब टाकून बघतो. तिनं हात उलटा केला. मनगटाची आतली बाजू अजून लग्नातल्यासारखी मऊ होती. पण त्यावर काचेच्या बांगड्या, आणि काच लागली तर ताज्या रंगावर ओरखडा.

शेजारच्या छबूबाईनं तिच्या मनातलं ओळखलं.

"धनी रस्त्यावं हाय ना तुजा?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "अन् तू हात मोकळं करतीस?"

मुक्ताबाईच्या डोळ्यांपुढं धावती यष्टी आली. कुणी सरळ मनाई केली असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं. मग तिनं बांगड्या उतरवल्या. साबणही लागला नाही. दुष्काळानं हात इतके वाळले होते की त्या आपसूक निघाल्या. तिनं त्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या, नाव टाकीवर सरकवलं आणि मनगटानं मधून कडेकडं दाबत नेलं. पाणी निथळलं. एक बुडबुडा राहिला नाही.

संध्याकाळपर्यंत तिनं अकरा टाक्या केल्या. मिस्त्रींनी प्रत्येकीच्या कडेवरून नख फिरवून पाहिलं, कुठं अडकलं नाही. ते आत साहेबांकडं गेले आणि हसत बाहेर आले.

"उद्यापासनं तुमी कायम, मुक्ताबाई."

ती फाटकाकडं पळतच सुटली. कानिफनाथ चहाच्या गाडीपाशी उभा होता, भुवयांपर्यंत धुळीनं माखलेला.

"ठिवलं मला," दोन्ही हात पुढं करत ती म्हणाली.

त्याला ते ऐकूच गेलं नाही. तो धसकून तिच्या मोकळ्या हातांकडं बघत होता. बांगड्या पदरातच राहिल्या, हे तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. मग अडखळत तिनं सगळं सांगितलं, तेलापासून मनगटापर्यंत. सांगताना तिला रडू फुटलं. कामाची पाळी सुटली होती, सायकली बाहेर पडत होत्या. छबूबाई मुद्दाम रेंगाळत होती.

कानिफनाथनं तिच्या पदराचं टोक हातात घेतलं आणि गाठ सोडली. एक बांगडी वाढली होती. तिचे तुकडे त्यानं खिशात टाकले. मग तिचा हात धरून तो उरलेल्या एकेक भरू लागला. नवराबायकोनं रस्त्यानं चालताना चार हात अंतर ठेवायचे ते दिवस. कासरे ओढून राठ झालेली त्याची बोटं, त्यांना ते काम कसं जमावं? वेळ लागत होता. कुणीतरी शीळ घातली. त्यानं मान वर केली नाही.

"उद्या काढशील तवा गाठीत नगं बांदू," तो म्हणाला. "डबा बघ येखादा."

पुढं सव्वीस वर्षं मुक्ताबाई त्या शेडमध्ये होती. आता पाण्याविना चिकटणारी नावं आली, मिस्त्री गेले, कानिफनाथही गेला. नातवंडांना ती टाक्यांच्या गोष्टी भरभरून सांगते. ही तेवढी सांगत नाही.

चारचौघांत त्यानं तिचा हात धरला तो तेवढाच. शेवटची बांगडी भरून झाली, आणि परतीची यष्टी चुकेल म्हणून तो लगबगीनं निघाला. त्यानं सोडले तसेच दोन्ही हात पुढं धरून ती फाटकात उभी राहिली.