पक्कडकाकांच्या शंभर ओळी

दाताच्या त्या दवाखान्यात पक्कडकाकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तोंडावर सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, पाठ वळली की पक्कडकाका. आणि काकांना ते चांगलं ठाऊक होतं. त्यांचा नियम एकच: ग्लोव्हज घातल्याशिवाय कुणाच्या तोंडात बोट घालायचं नाही. लेकही दाताचीच डॉक्टर. दहा वर्षांपूर्वी, नवी नवी असताना, ती एकदा घाईघाईत तशीच पेशंटच्या तोंडाशी गेली, तर काकांनी तिला हे वाक्य शंभर वेळा लिहायला लावलं होतं. ओळी मोजूनही घेतल्या होत्या.

आणि आता त्याच काकांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट सुजून टम्म झालं होतं.

आधी नुसती चुणचुण होती. मग टोक लालबुंद होऊन ठणकायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी नखाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड एकाला एक चिकटून उठले. काकांनी लेकीला "मनगट लचकलंय" अशी थाप मारली, सगळे पेशंट तिच्याकडे सोपवले आणि हात खिशात घालून काउंटरवर बसून राहिले. चोराच्या मनात चांदणं. लेक सहज बघून हसली तरी ते हात खिशात आणखी खोल सारायचे.

ठणक्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण लेक वर्षभर म्हणत होती, "बाबा, आता जरा आराम करा." बोट बिघडल्याचं तिला कळलं की आपली खुर्ची गेलीच, ही भीती त्यांना जेवू देत नव्हती. पस्तीस वर्षं ते त्या खुर्चीपाशी उभे होते. तिच्याशिवाय सकाळी उठून जायचं तरी कुठे?

निदान त्यांनी केव्हाच केलं होतं: नखुरडं. नखुरड्यात पू असणार, आणि पुवाला वाट करून द्यायची, हे काका झोपेतसुद्धा सांगत. एका दुपारी लेक जेवायला गेल्यावर ते आतल्या खोलीत शिरले. बोटाला स्पिरिटचा बोळा फिरवला आणि डाव्या हातात ब्लेड धरलं. पातं फोडांवर टेकवलं.

"बाबा! ठेवा ते खाली!"

लेक चष्मा विसरली म्हणून परत आली होती. तिने ब्लेड काढून घेतलं, ग्लोव्हज चढवले आणि बोट दिव्याखाली धरलं.

"पू कुठे आहे यात? नितळ पाणी आहे. आणि फोड बघा, कसे घोळक्याने आलेत. हे हर्पिस आहे बाबा. हर्पिस सिम्प्लेक्स, विषाणूचे फोड."

"छे! ते ओठावर होतं."

"ओठावर होतं, तोंडात होतं, डोळ्यात होतं, आणि ग्लोव्हज न घालणाऱ्या डेंटिस्टच्या बोटावर होतं. मला कुणी शिकवलं हे? कापलं असतंत तर पू निघाला नसताच, वर दुसरे जंतू आत शिरले असते. आता खरं सांगा, हे बोट उघडं कुणाच्या तोंडात गेलं होतं?"

काका हळूच म्हणाले, "चिऊच्या."

चिऊ चार वर्षांची. दहा-बारा दिवसांपूर्वी आईच्या कडेवर आली, तेव्हा अंगात ताप, हिरड्या सुजून रक्ताळलेल्या, जीभ आणि ओठ फोडांनी भरलेले, लाळेने फ्रॉक भिजलेला. दोन दिवस पाण्याचा घोटही धड गिळला नव्हता. आईच्या ओठावर, ताप येऊन गेल्यावर उठतो तशा फोडाची, वाळकी खपली होती. पोरीचे मुके घेता घेता तिनेच हे दिलं असणार. काकांनी पोरीचा आजार बघताक्षणी ओळखला होता. पण ग्लोव्हज दिसताच पोरीने अशी किंकाळी फोडली की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

"मग काढला मी ग्लोव्ह," काका खाली बघत म्हणाले. "आणि तिने लगेच तोंड उघडलं गं."

लेक एकदम हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पोरीचं अचूक ओळखलंत आणि स्वतःचं नखुरडं! दिव्याखाली अंधार! गोळ्या सुरू करायच्या, बोट झाकून ठेवायचं, त्या हाताने डोळा चोळायचा नाही. आणि पूर्ण बरं होईपर्यंत एकही पेशंट नाही."

"आणि खुर्ची?"

"आधी शंभर ओळी."

बोटाला पट्टी, म्हणून काका डाव्या हाताने लिहायला बसले. अक्षर बालवाडीतल्या पोराचं. फोड गढुळले, फुटले, खपल्या धरल्या, खाली गुलाबी कातडी आली. लेकीने बजावून ठेवलं, "हा विषाणू गेला असं समजू नका. नसेत दबा धरून बसलाय, दगदग झाली की पुन्हा डोकं वर काढेल." काका म्हणाले, "म्हणजे पाहुणा कायमचा राहिला!" आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

तीन आठवड्यांनी चिऊ आली, टुणटुणीत. लेक ग्लोव्हज घालून पुढे झाली तशी पोरीने ओठ घट्ट मिटले. "काका हवेत."

काका जवळ येऊन खाली बसले आणि बोट तिच्यापुढे धरलं. "तुझे फोड माझ्याकडे राहायला आले होते, बघ."

चिऊने बोट उलटंसुलटं करून पाहिलं. "खूप दुखलं?"

"खूप."

"मग घाला ना ते!" पोरीने स्वतःच ग्लोव्ह घेतला आणि ओढून ओढून त्यांच्या हातात चढवला. दोन बोटं एकाच खोबणीत गेली, ती पुन्हा काढून नीट बसवली. मग खुर्चीत चढून तिने भलामोठा आ केला.

लेक खुर्चीपासून बाजूला झाली. "या बाबा, तुमची जागा." मग काउंटरवरचा कागद उचलून तिने ओळी मोजल्या. "पण या नव्व्याण्णवच आहेत हं!"

काकांनी दिवा खाली ओढला. "शंभरावी आता लिहितोय," ते म्हणाले आणि ग्लोव्हमधलं बोट त्यांनी अलगद चिऊच्या तोंडात घातलं.